'मिसिंग रेसिड्यू'ला मराठीत काय म्हणावे?

केवडा
प्रथिनांच्या स्फटिकरचनांवर मराठीत टिपणे लिहितेय. 'रेसिड्यू' म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला अमिनो आम्लाचा एकेक दुवा. 'मिसिंग रेसिड्यू'साठी 'हरवलेले अवशेष' लिहिले, तर एका विद्यार्थिनीला ते उत्खननाबद्दल वाटले. प्रकार असा: इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात साखळीचा एखादा तुकडा दिसतच नाही, म्हणून त्याचे अणू बसवता येत नाहीत. पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातल्या फाइलीत त्यांची यादी 'रिमार्क ४६५'खाली असते. चांगला शब्द सुचवा. ते भरून काढण्याला काय म्हणायचे, तेही.

निरुक्त
'अवशेष' अगदी बरोबर आहे. 'शिष्' म्हणजे उरणे. शेष, अवशेष, उच्छिष्ट सगळे त्यातलेच. अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा रेणू निघून जातो, आम्लाचे उरते ते अवशेष.

दुपारचा चहा
आमच्या प्रयोगशाळेत सगळे मराठी बोलणारे. 'सहा रेसिड्यू गायब आहेत, लूप बांधायचाय' असेच म्हणतो. लूप म्हणजे साखळीचा वळणाचा तुकडा. 'गायब' अरबीतून आला, तो चालतो ना? मग रेसिड्यूही चालू द्या.

निरुक्त
बोलण्यात चालेल. पुस्तकात शब्दाने आपला अर्थ स्वतः सांगावा.

स्फटिक
केवडाताई, घोळ 'हरवलेले'मुळे होतोय. कायमोट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय प्रथिनापासून अल्फा-कायमोट्रिप्सिन हे पाचक विकर होताना १४-१५ आणि १४७-१४८ या क्रमांकांच्या रेसिड्यूंच्या जोड्या कापल्या जातात, त्या रेणूत उरतच नाहीत. ट्रिप्सिनोजेन या ट्रिप्सिनच्या निष्क्रिय रूपाचे १४२ ते १५२ आणि १८४ ते १९३ हे भाग रेणूत असतात, पण एका जागी स्थिर नसल्यामुळे त्यांची घनता पुसट होते. ट्रिप्सिन झाले की तेच भाग जागेवर बसतात आणि दिसू लागतात. दोन्हींना 'हरवलेले' म्हटले, तर मुले कापलेल्या जागाही भरत बसतील. पहिले 'कापले गेलेले', दुसरे 'न दिसलेले' म्हणा.
आणि क्रमांकात उडी दिसली म्हणजे तुकडा नाही असे नव्हे. ट्रिप्सिनला कायमोट्रिप्सिनोजेनचे क्रमांक लावतात, त्यामुळे काही क्रमांक मुळातच वगळलेले असतात. आधी पूर्ण अनुक्रमाशी ताडून पाहायला शिकवा.

मोडीवाचक
मधली पाने नसलेल्या पोथीला आम्ही 'त्रुटित' म्हणतो. शिलालेखातली पुसट अक्षरे वाचकाने लावली, तर ती छापताना चौकोनी कंसात टाकतात. 'त्रुटित साखळी' कसे वाटते? भरण्याला 'पूरण'.

दुपारचा चहा
'पूरण' म्हटले की वर्गात पुरणपोळीच आठवणार.

स्फटिक
'त्रुटित साखळी' आवडले. आणि कंसाची शिस्त आमच्याकडेही हवी. 'मॉडेलर' या संगणक-प्रणालीने बसवलेला लूप चित्रात मोजलेल्या अणूंइतकाच खरा दिसतो. चार-पाच रेसिड्यूंचा लूप बऱ्यापैकी जमतो. वीस-पंचवीसांचा निव्वळ अंदाज असतो. आल्फाफोल्ड या रचनेचा अंदाज करणाऱ्या प्रणालीतून उचललेल्या तुकड्याचाही तिथला विश्वासांक बहुधा कमीच असतो. कुठून कुठपर्यंत भरले ते लिहायलाच हवे.

दुपारचा चहा
दोन्ही टोकांचे तर मी भरतच नाही. सक्रिय स्थळापासून (जिथे विकराचे काम चालते) दूर असतील तर कशाला? पण बाजूसाखळी (मुख्य साखळीतून बाहेर निघणारा रेसिड्यूचा भाग) दिसत नसताना ती शून्य ऑक्युपन्सीने (अणू त्या जागी किती अंशाने आहे हे सांगणारा आकडा) ठेवणे मला पटत नाही. नकाशात नाही ते प्रतिमानात नको.

स्फटिक
मग तो रेसिड्यू, समजा, लायसिन या अमिनो आम्लाचा आहे हे पुढच्याला चित्रावरून कसे कळणार? शून्य लिहिले म्हणजे पुरावा नाही हे सांगितलेच की.

दुपारचा चहा
चित्र पाहणारे तो रकाना उघडत नाहीत. फाइलीत रेसिड्यूचे नाव लायसिनच ठेवा, अणू छाटा.

केवडा
'न दिसलेले' घेतले. पण पुढे 'रेसिड्यू' की 'अवशेष'?

निरुक्त
अवशेष. आणि त्या 'ऑक्युपन्सी'ला 'व्याप्ती' का नाही म्हणत?

स्फटिक
व्याप्ती म्हणजे पसारा. इथे प्रश्न अणू त्या जागी किती अंशाने सापडतो, याचा आहे.