स्लॅगवर (पोलाद भट्टीच्या मळीच्या खडीवर) डांबर धरतंय, तरी टीएसआर (भिजवलेल्या नमुन्याची ताण-ताकद कोरड्याच्या किती टक्के) ७२. कुठे चुकतंय?

साइटलॅब_रायगड:
बीसी (रस्त्याच्या वरच्या थराचं डांबरी मिश्रण) ग्रेडिंग-२, डांबर व्हीजी-४० प्रतीचं. ४.७५ मिमीच्या वरची सगळी खडी एलडी (पोलादाच्या कन्व्हर्टरमधल्या) स्लॅगची (वजनाने ४० टक्के), खाली बेसाल्टची ग्रिट आणि डस्ट. आयएस ६२४१ मध्ये (खडीवरचं डांबर सुटतं का, ती चाचणी) ४० अंशाच्या पाण्यात २४ तास ठेवूनही कोटिंग ९५ टक्क्यांच्या वर. टीएसआर मात्र ७२, हवा किमान ८०. अँटी-स्ट्रिपिंग (डांबर सुटू नये म्हणूनचं केमिकल) वाढवू का?

खडी_ते_कार्पेट:
नको. डांबरातल्या आम्लांचं स्लॅगमधल्या कॅल्शियमशी छान जमतं, त्यामुळे ६२४१ पास होणारच. त्यात धुतलेली, सुकी, १२.५ ते २० मिमीची २०० ग्रॅम खडी असते. प्लांटवरची तशी नसते. यार्डात मुरताना स्लॅगवर पांढरी पूड धरते. डांबर तिला चिकटतं, दगडाला नाही. टीएसआरचा ब्रिकेट (मिक्सचा दाबून केलेला नमुना) फोडून बघा. स्लॅगचा खडा सुटून आला आणि डांबरातल्या त्याच्या खाचेत पांढुरकी पूड दिसली, तर खडी धुऊन घ्या. फुटलेल्या तोंडावर बेसाल्टचेच दाणे उघडे असतील, तर २ टक्के विरलेला चुना फिलरमध्ये (मिक्समधल्या बारीक भुकटीत) टाका.

मिक्सडिझाइन_नाशिक:
४० टक्के वजनाने धरलेत, तिथेच घोळ आहे. स्लॅगची घनता ३.४, बेसाल्टची २.८५ धरली तर ते आकारमानाने ३६ टक्केच भरतं. बारीक माल वाढला, पृष्ठभाग वाढला, डांबराचा थर पातळ झाला. आकारमानाने ४० हवं तर वजनाने ४४ घ्या. शिवाय स्लॅग सच्छिद्र. मिक्स ओव्हनमध्ये २ तास आणि ४ तास ठेवून दोन्हींची जीएमएम (हवा न धरता मिक्सची कमाल घनता) काढा. चारची जास्त आली तर खडी अजून डांबर पितेय. मग डिझाइनला ४ तासांचीच धरा, आणि डांबर ०.१-०.२ टक्क्यांनी वाढवून पुन्हा व्हॉइड्स (हवेच्या पोकळ्या) बघा.

खडी_ते_कार्पेट:
हे बरोबर. आणखी एक: टीएसआरच्या ६० अंशाच्या पाण्याच्या बाथनंतर ब्रिकेटची उंची मोजा. फुगला असेल तर दोष चिकटण्याचा नाही, स्लॅगमधल्या मोकळ्या (न विरलेल्या) चुन्याचा. तो पाण्याने फुलून आतून फोडतो, त्यावर कुठलंही केमिकल चालत नाही. ढीग पाणी मारत आणखी काही महिने मुरू द्यायचा.

साइटलॅब_रायगड:
उंची ०.३ मिमीने वाढलेली आहे, आधी नोंदवली नव्हती. पावसात भिजलेल्या ढिगातला माल आहे.

मिक्सडिझाइन_नाशिक:
भिजलेला म्हणजे मुरलेला नव्हे. पाणी वरच्या थरात राहतं, ढिगाच्या पोटातला माल तसाच. ढीग उलथून आतलं सॅम्पल घ्या. ड्रायरमधून आलेल्या खडीचा ओलावाही तपासा. छिद्रांत पाणी राहिलं तर गरम डांबर वाफेवर बसतं. फीड कमी करा, ज्वाला नको वाढवू.