प्रति: पीडीएफवरील तारीख पुरावा ठरते का?
दस्तऐवज केव्हा तयार झाला याचा पुरावा म्हणून पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारी तारीख पुरेशी आहे, हे या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही, कारण ती संगणकाच्या घड्याळावरून येते आणि ते घड्याळ कोणीही मागे फिरवू शकतो. त्याऐवजी टाइमस्टँप, म्हणजे त्रयस्थाने प्रमाणित केलेली वेळेची नोंद, घ्यावा. त्यासाठीच्या आरएफसी ३१६१ या २००१ सालच्या इंटरनेट मानकानुसार मूळ दस्तऐवज कोठेही पाठवावा लागत नाही. त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला त्याचा जणू बोटाचा ठसा (एसएचए-२५६ ही पद्धत वापरल्यास ६४ चिन्हांची एक ओळ), टाइमस्टँप देणाऱ्या त्रयस्थ यंत्रणेकडे जातो आणि ती यंत्रणा स्वतःची वेळ जोडून, त्यावर डिजिटल सही करून तो परत करते. पुढे मजकुरातला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी हॅश जुळत नाही.

टाइमस्टँपचा खरा उपयोग दिसतो तो दस्तऐवजावरील डिजिटल सहीचे प्रमाणपत्र कालबाह्य झाल्यावर. आपल्याकडील अशा प्रमाणपत्राची (डीएससीची) मुदत सहसा एक ते तीन वर्षांची असते, करार मात्र दहा वर्षांनीही न्यायालयात येऊ शकतो. तेव्हा सही मुदतीतच झाली होती, हे टाइमस्टँपवरूनच दाखवता येते. मजकूर खरा आहे की खोटा, हे अर्थातच त्यातून कळत नाही.

(त्रयस्थावरही विश्वास नसेल, तर टाइमस्टँप देणाऱ्या शुअरटी कंपनीची युक्ती पाहावी: १९९५ पासून ती आपल्याकडे आलेल्या सगळ्या हॅशांचा मिळून काढलेला एक हॅश न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातीसारखा छापत आली. छापलेले वर्तमानपत्र मागाहून कोण बदलणार?)