शब्दचर्चा : ‘आंतरजातीय’ प्रत्यारोपण?

प्रश्न : डुकराचं हृदय किंवा मूत्रपिंड माणसाला बसवतात त्या झेनोट्रान्सप्लांटेशनला मराठीत काय म्हणावं? मी ‘आंतरजातीय प्रत्यारोपण’ लिहिलं, तर घरचेच हसले.

– हसणारच! ‘आंतरजातीय’च्या मागोमाग ‘विवाह’ येतोच. मुळात घोळ ‘जाती’चा आहे. मराठी विश्वकोशात स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस (जवळच्या जातींचा गट) म्हणजे प्रजाती. वर्तमानपत्रं मात्र स्पीशीजलाच सर्रास प्रजाती म्हणतात. म्हणून ‘आंतरप्रजातीय’ लिहूनही सुटका नाही. मी ‘परजातीय प्रतिरोपण’ लिहीन. ग्रीक ‘झेनोस’ म्हणजे परका. (पाहुणा असाही अर्थ आहे, पण शरीर या पाहुण्याचं जे स्वागत करतं ते पाहता परकाच बरा.) ‘प्रत्यारोपण’ही चूक नाही, मला त्यात उगाच आरोप-प्रत्यारोप ऐकू येतात.

– ‘विजातीय’ हा तयार शब्द असताना नवा कशाला?

– त्यात शाळेतलं लोहचुंबक आहे. तिथे विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात, इथे नेमकं उलट. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची शर्करा असते. माणसात ती नसते, पण तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आपल्या रक्तात आधीपासून तयार असतात. जनुकं न बदललेल्या डुकराचा अवयव त्यामुळे काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होऊ शकतो. २०२२ मध्ये अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात जे हृदय बसवलं, त्या डुकरात १० जनुकबदल केलेले होते. रुग्ण सुमारे २ महिने जगला.

– आणि डुकराच्या हृदयाच्या झडपा? त्या तर कित्येक वर्षं बसवतात.

– तिथे जपून. ती ऊती ग्लुटराल्डिहाइड या रसायनात मुरवून निर्जीव केलेली असते, म्हणून प्रतिरोपण न म्हणता ‘झडप बसवली’ एवढं पुरे. खरं तर बातमीतही ‘डुकराचं मूत्रपिंड माणसाला’ म्हटलं की काम भागतं. विशेषण लागतं ते तुलना असते तिथे : स्वतःच्याच मांडीची त्वचा भाजलेल्या हाताला लावली तर स्वरोपण, दुसऱ्या माणसाचं मूत्रपिंड घेतलं तर सजातीय, डुकराचं घेतलं तर परजातीय.

– पण ‘परजातीय’तही जात आहेच की. ‘परजीवी प्रतिरोपण’ कसं वाटतं?

– परजीवी म्हणजे जंत, गोचीड वगैरे. ते बसवून घ्यायला कोणी तयार होईल असं वाटत नाही.

– बरं, ‘परजातीय’च. पहिल्या उल्लेखापाशी ‘म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्राण्याकडून माणसात’ असं लिहून टाकतो.