सेल्व्हेजला मराठीत काय म्हणायचं? काठ, किनार, दशा की कड?

चूक माझीच आहे हे आधीच कबूल करते. गोधडीचा एक इंग्रजी व्हिडिओ बघून मी आईला मराठीत पायऱ्या टाइप करून पाठवल्या, त्यात सेल्व्हेज कापा असं होतं, मी बिनधास्त लिहिलं 'आधी कापडाचे काठ कापून टाका'. आईने आजीच्या इरकलीचे दोन्ही लाल गोमी काठ, चांगले चार बोटं रुंद, कात्रीने उडवले. वर म्हणते, मला वाटलं नवीन पद्धत असेल. आता सांगा, तिथे नेमका कुठला शब्द हवा होता? किनार चाललं असतं का?

—

अरेरे, इरकल! ताई, काठ म्हणजे शोभेचा विणलेला पट्टा. सेल्व्हेज म्हणजे पन्ह्याच्या, म्हणजे कापडाच्या रुंदीच्या, दोन्ही टोकांची पाव-अर्ध्या इंचाची घट्ट पट्टी, जिथे आडवा धागा वळून परत आत जातो, म्हणून तिथे कापड उसवत नाही आणि साडीला लांबीच्या बाजूने दुमडून शिवावं लागत नाही. काठाच्या साडीलाही अगदी बाहेर ती असतेच, पण बोटभरसुद्धा नाही. किनार म्हटलं तरी लोकांना जरीची किनारच आठवणार, म्हणजे परत तोच घोटाळा. इंग्रजी शब्द सेल्फ आणि एज मिळून झालाय, आपसूक झालेली कड. मी तर नुसतं 'कड' लिहीन, फार तर 'विणीची कड'.

—

दशा म्हणतात ना त्याला?

—

नाही हो दादा, दशा वेगळ्या. धोतराच्या किंवा उपरण्याच्या टोकाला उभे धागे सुटे लोंबतात त्या दशा, म्हणजे लांबी जिथे संपते तिथे, बाजूला नाही. बीजेच्या चंद्राला आमची आजी पदराची दशी ओढून वाहायची आणि म्हणायची जुनं घे नवं दे, तीच ही दशी. कडेची दशी ओढायला जाल तर निघणारच नाही, इतकी घट्ट वीण असते.

आता बिनधोट्याच्या मागावर, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटाच जिथे नसतो तिथे, आडवा धागा वळत नाही, तो कडेला कापला जातो, म्हणून हल्लीच्या बऱ्याच कापडांना कडेला मिशा दिसतात, त्यांना कुणी दशा म्हणेलही, पण मला ते पटत नाही.

—

शब्दाचं झालं, पण कापायची का नाही ते कुणी बोलतच नाहीये. नवं कापड असेल तर कापाच. कडेला उभे धागे दाट असतात, धुतल्यावर ती बाकीच्या कापडासारखी आटत नाही, मग शिवणीला चुण्या पडतात. मी एकदा अस्तरासाठी ४४ इंची पन्ह्याचे दोन तुकडे कडेला कड जोडून शिवले, आळस, दुसरं काय. पहिल्या धुण्यात मधली शिवण अशी ताणली गेली की गोधडीला पाठीचा कणा आल्यासारखं दिसायला लागलं. शिवाय हाताने धावदोरा घालताना कडेत सुई अडते, आणि गिरणीत कापड ताणून धरतात त्या टाचण्यांची भोकंही तिथेच असतात.

पण आज्यांनी कुठे कड कापली? त्यांना गरजच नव्हती! जुनं लुगडं शंभर वेळा धुऊन आटायचं तेवढं आटलेलं, कडही मऊ पडलेली. हे व्हिडिओवाले दुकानातल्या नव्या कापडाचं सांगतात आणि आपण ते आजीच्या साडीला लावतो.

कड कापायची ती सुद्धा शेवटी. उभं सूत आडवं सूत कळायला तीच खूण असते, आधीच उडवली की तुकडे नकळत उरेब, म्हणजे तिरके, कापले जातात.

—

छापील कापडाच्या कडेला रंगांचे गोल ठिपके असतात, छपाईत जितके रंग तितके ठिपके, ते फेकू नका. काही जणी तसल्या पट्ट्या जमवून त्यांचीच गोधडी करतात. आमच्याकडे कडांच्या पट्ट्या वेल बांधायला जातात.

—

वेल! तेच सांगायला आले. मी पायऱ्यांत आता 'कड' करून टाकलंय, थँक यू सगळ्यांना. एक काठ सापडला, आईने तो गोधडीला चारी बाजूंनी लावायला घेतलाय आणि खरंतर छान दिसतोय. दुसरा तिने टाकाऊ समजून कारल्याच्या मांडवाला बांधलाय. सोडून आण म्हटलं तर म्हणते राहू दे गं, वेलाने धरलाय आता.