हाताने बनवलेल्या कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकायच्या आहेत: वर्डप्रेसवर दुकानासाठी कोणतं प्लगइन घ्यावं?

पायताण_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान आहे. सासरे आणि दीर सुभाषनगरात चपला बनवतात. दुकान, फोन आणि हिशेब माझ्याकडे. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, पण नुसती माहितीची: फोटो, पत्ता आणि व्हॉट्सॲपचं बटण.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखे सँडल दाखवले आणि देशभर चर्चा झाली. तेव्हापासून बंगळुरू, दिल्ली, इंदूरहून विचारणा येते. एका ऑर्डरमागे किती मेसेज होतात! आधी फोटो, मग किंमत, मग कागदावर पाऊल ठेवून काढलेल्या रेघेचा फोटो, मग यूपीआयचा स्क्रीनशॉट, मग पत्ता, आणि शेवटी "पार्सल निघालं का?" दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना हे सगळं करायचं. त्यात एकाच कापशी (चपलेचा एक प्रकार) जोडाला दोघंजण एकदमच "पाठवा" म्हणतात.

आमची डिझाइन बाराएक आहेत. प्रत्येकात सहा-सात नंबर, दोन-तीन रंग. बऱ्याच नंबरांत एकच जोड तयार असतो. तो गेला की पुढचा बनवायला आठ-दहा दिवस लागतात, पावसाळ्यात जास्तच, कारण कातडं लवकर वाळत नाही. हे वेबसाइटला कळलं पाहिजे, नाहीतर माझं काम वाढेलच.

वूकॉमर्स, एक्विड, शॉपिफाय अशी नावं ऐकली. एका एजन्सीने ॲड-ऑनची लांबलचक यादी आणि दरवर्षीचं शुल्क सांगितलं. त्यातलं निम्मं कशाला लागतं ते समजेना. मला कोडिंग येत नाही, पण साइटवरची पानं मी स्वतः बदलते. जीएसटी नंबर आहे. काय घ्यावं?

आमसूल_मालवण

ताई, मी आमसुलं, आगळ आणि मालवणी मसाला विकते. माझं व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगवर भागतं, कारण अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो, नंबर-रंगाचा प्रश्न नाही आणि गिऱ्हाईक बहुतेक ठरलेलं. तुमचं तसं नाही. कोणत्या नंबरात किती जोड उरलेत हे तो कॅटलॉग सांभाळत नाही, तो आकडा तुम्हालाच डोक्यात ठेवावा लागेल. तुम्हाला खरं दुकानच लागेल. पण व्हॉट्सॲपचं बटण काढू नका. नवीन माणूस मापाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय चपलेचे पैसे भरत नाही.

सर्व्हरवाला_सांगली

वूकॉमर्स घ्या. मी सांगली-मिरज भागातल्या छोट्या दुकानांच्या साइट सांभाळतो: हळद, बेदाणे, मिरजेची तंतुवाद्यं. प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं तयार सॉफ्टवेअर, निवडताना मी आधी एकच गोष्ट विचारतो, माल संपतो कसा? हळदीचं पोतं संपलं की दुसरं उघडतात. तुमच्याकडे मात्र "कापशी, नंबर ८, नैसर्गिक रंग" हा एक जोड संपतो आणि बाकीचे तसेच राहतात, आणि संपलेलाही दहा दिवसांनी मिळू शकतो. हे ज्याला नीट सांभाळता येतं तेच तुमचं प्लगइन.

वूकॉमर्समध्ये हे फुकटच्या मूळ प्लगइनमध्येच आहे. वस्तू टाकताना "व्हेरिएबल प्रॉडक्ट" निवडा. "नंबर" आणि "रंग" हे दोन गुणधर्म प्रत्येक वस्तूत वेगवेगळे लिहू नका, ॲट्रिब्यूट्सच्या पानावर एकदाच बनवा आणि सगळीकडे तेच वापरा. पुढे "नंबर ७ च्या सगळ्या चपला दाखवा" अशी चाळणी लावायची तर ते असंच असावं लागतं. मग प्रत्येक नंबर-रंगाच्या जोडीला स्वतःचा साठा, स्वतःची किंमत, स्वतःचं वजन देता येतं. साठ्याखाली "बॅकऑर्डर" (साठा संपल्यावरही ऑर्डर घेणं) असतं, तिथे "परवानगी द्या, पण ग्राहकाला कळवा" निवडा. तयार जोड संपला तरी ऑर्डर घेता येते, आणि हा बनवून मिळेल हे गिऱ्हाइकाला आधीच दिसतं. दहा दिवस लागतील हे मात्र वर्णनात तुम्ही स्वतः ठळक लिहा, पावसाळ्यात आकडा बदला.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. एका वस्तूत नंबर-रंगाच्या ३० पर्यंत जोड्या असतील तर पान उघडतानाच सगळी माहिती येते आणि जो नंबर त्या रंगात नाही तो निवडताच येत नाही. ३० च्या वर गेलात की गिऱ्हाइकाने दोन्ही निवडल्यावरच "उपलब्ध नाही" कळतं, आणि तिथे माणूस कंटाळून निघून जातो. सात नंबर आणि तीन रंग म्हणजे २१, तुम्ही आत बसता. चौथा-पाचवा रंग आला तर ती वेगळी वस्तू करा. बायकांच्या आणि पुरुषांच्या चपला तर पहिल्यापासून वेगळ्याच ठेवा.

एकाच जोडाला दोन गिऱ्हाइकं, यावरही आतच सोय आहे. साठ्याच्या सेटिंगमध्ये "होल्ड स्टॉक" मिनिटांत असतं, सुरुवातीला ६०. ज्या जोडाला बॅकऑर्डर बंद आहे तिथे पैसे भरायला गेलेल्याचा जोड तेवढा वेळ राखून ठेवला जातो, पैसे आले नाहीत तर ऑर्डर रद्द होऊन जोड परत दुकानात येतो. ज्या नंबरात एकच जोड आहे तिथे याचं मोल कळतं. मी तुमच्या जागी असतो तर ३० मिनिटं ठेवली असती.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. शॉपिफाय हे वर्डप्रेसचं प्लगइन नाही, वेगळं भाड्याचं दुकान आहे. चांगलं चालतं, पण भाडं दरमहा. शिवाय त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नसल्याने इथल्या पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) शुल्कावर त्यांचंही शुल्क लागतं. एक्विड तुमच्या पानात बसवता येतं आणि लवकर सुरू होतं, पण दुकान त्यांच्या सर्व्हरवर राहतं. वर्डप्रेस आधीच आहे आणि पानं तुम्ही स्वतः बदलता, मग तो हात इथेच वापरा.

आता एजन्सीची यादी. सुरुवातीला मूळ प्लगइन, एक पेमेंट गेटवे, एक पीडीएफ बिलाचं आणि ईमेल नीट पोचवणारं एक एसएमटीपी प्लगइन, एवढंच. रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांची वूकॉमर्सची प्लगइन फुकट आहेत, शुल्क व्यवहारावर. साधारण २ टक्के धरा आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजाराच्या जोडामागे २३ रुपये ६० पैसे. हे किमतीत आधीच बसवा. बाकी काही घ्यायचं ते गरज पडल्यावर घ्या. प्रत्येक ॲड-ऑन म्हणजे अपडेटच्या वेळी बिघडू शकणारी आणखी एक जागा, आणि साइट बंद पडली की फोन तुम्हालाच येणार.

घेताना दोन गोष्टी तपासा. वूकॉमर्सच्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांच्या ऑर्डर डेटाबेसमध्ये वेगळ्या तक्त्यांत जातात आणि ८.३ पासून चेकआउटचं (पैसे भरण्याचं) पान ब्लॉकचं, म्हणजे वर्डप्रेसच्या नव्या पद्धतीचं असतं. जुनी प्लगइन या दोन्हींशी जुळतीलच असं नाही. कधी कधी तर पैसे भरण्याचा पर्यायच दिसत नाही. तसं झालं तर घाबरू नका, चेकआउट पान जुन्या शॉर्टकोडवर (पानात टाकायचा छोटा कोड) आणता येतं. आणि साइट वेगवान करायला कॅशचं (cache, पानांची तयार प्रत ठेवणारं) प्लगइन असेल तर कार्ट, चेकआउट आणि "माझं खातं" ही पानं त्यातून वगळा.

हिशेब_पुणे

कराचं मी सांगतो, यासाठी वेगळं प्लगइन लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के, त्यावर १८ टक्के. वूकॉमर्समध्ये दोन टॅक्स क्लास (कराचे गट) करा आणि किमतीप्रमाणे वस्तूला लावा. ५ टक्क्यांच्या गटाच्या तक्त्यात महाराष्ट्रासाठी दोन ओळी: सीजीएसटी (केंद्राचा) २.५, प्रायॉरिटी १ आणि एसजीएसटी (राज्याचा) २.५, प्रायॉरिटी २. तिसरी ओळ भारत, राज्य रिकामं, आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) ५, प्रायॉरिटी १. प्रत्येक प्रायॉरिटीला एकच दर लागतो आणि जास्त नेमकी ओळ आधी धरली जाते, म्हणून पुण्याच्या बिलावर दोन भाग येतात आणि इंदूरच्या बिलावर एकच. १८ टक्क्यांचा तक्ताही असाच. किंमत "करासहित" अशीच टाका, जोडाची जी किंमत लिहाल तीच गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे.

बिलावर एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा आकडा) लागेल. ६४०३ २० पाहा: चामड्याचा तळ, वर चामड्याचे पट्टे आणि अंगठ्याभोवती पट्टा, असं वर्णनच आहे. तुमच्या सीएंकडून पूर्ण आकडा एकदा पक्का करून घ्या. आणि साइटवर दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव, परतीचे नियम हे सगळं लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ते आहे, आणि गेटवेवालेही खातं चालू करण्याआधी ही पानं बघतात.

पायताण_कोल्हापूर

खूप आभार सगळ्यांचे. ३० जोड्यांची गोष्ट कुठेच वाचली नव्हती. अजून दोन विचारते. पार्सल घरी आल्यावर पैसे, हे ठेवावं का? सासरे ठेवा म्हणतात, पण दिल्लीहून परत आलेल्या पार्सलचं भाडं दोन्हीकडून आपल्याच अंगावर पडतं. आणि नंबर लिहावा की सेंटिमीटर? लोक बुटाचा नंबर सांगतात आणि चप्पल लहान पडते.

सर्व्हरवाला_सांगली

सासऱ्यांचं आणि तुमचं, दोघांचंही जमेल. शिपिंग झोनमध्ये पिनकोड "४१६*" असा टाकून एक जवळचा झोन करा. त्यात कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्गचा बराच भाग येतो. त्या झोनला स्वतःची शिपिंग पद्धत द्या. मग "कॅश ऑन डिलिव्हरी"च्या सेटिंगमध्ये "कोणत्या शिपिंग पद्धतींसाठी" अशी चौकट आहे, तिथे फक्त तीच निवडा. जवळच्यांना सोय मिळते आणि दिल्लीवाल्याला तो पर्याय दिसतच नाही.

मापाचं मनापासून सांगतो, चपलेच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळ यावर घाला. नंबर आणि सेंटिमीटर दोन्ही द्या, पण सेंटिमीटर कुठल्या तयार तक्त्यावरून उचलू नका. तुमच्याच प्रत्येक नंबरात कोणत्या लांबीचं पाऊल नीट बसतं ते सासऱ्यांना विचारून लिहा, कारण हाताच्या कामात हे कारागिराप्रमाणे बदलतं. आणि रेघ कशी काढायची ते फोटोसकट सांगा: जमिनीवर कागद ठेवून भिंतीला टेकवायचा, टाच भिंतीला लावायची, उभं राहून पूर्ण वजन पायावर द्यायचं, पेन्सिल सरळ उभी धरायची. पेन्सिल तिरकी झाली की रेघ पायाखाली सरकते आणि पाऊल लहान दिसतं. भिंतीपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजायचं, दोन्ही पायांचं, आणि मोठं असेल ते धरायचं. संध्याकाळी मोजलं तर बरं, दिवसभरात पाय थोडा फुगतो. नवी कोल्हापुरी सुरुवातीला घट्ट वाटते आणि वापरून सैल होते हेही तिथेच लिहा. नाहीतर लोक घालून बघतात आणि लगेच परत पाठवतात.

पायताण_कोल्हापूर

हा झोनचा उपाय फार आवडला. फोटो आजच दिराकडून काढून घेते. बारा डिझाइन एकदमच टाकू?

सर्व्हरवाला_सांगली

नको. आधी ज्या दोन-तीन डिझाइनची विचारणा जास्त आहे तीच टाका आणि स्वतः एक खरी ऑर्डर देऊन बघा, यूपीआयने. पैसे भरल्याबरोबर ब्राउझर मुद्दाम बंद करा. तरी ऑर्डर "प्रोसेसिंग" झाली पाहिजे. नाही झाली तर गेटवेचा वेबहुक (पैसे आले हे साइटला आपोआप कळवणारा निरोप) चालू नाही. तो त्यांच्या डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये चालू करायचा, त्यात तुमच्या साइटचा पत्ता लागतो. हे झाल्याशिवाय दुकानाचा दुवा कोणाला पाठवू नका, कारण गिऱ्हाइकाचे पैसे गेलेले असतील आणि तुमच्याकडे ऑर्डर "बाकी" दिसत राहील. कुठे अडलं तर इथेच स्क्रीनशॉट टाका, फक्त त्यात गेटवेची गुप्त की (पासवर्डसारखा कोड) दिसणार नाही एवढं बघा.