स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपवर टोन नॉब चालतच नाही, पॉट बदलू का?

तारकरी:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) टाइपची इलेक्ट्रिक गिटार आहे, तारांचा आवाज पकडणारे तीन सिंगल कॉइल पिकअप (नेक, मिडल, ब्रिज), एक व्हॉल्यूम, दोन टोन नॉब. ब्रिज पिकअपवर डिस्टॉर्शन लावलं की आवाज कानाला अक्षरशः टोचतो, टोन कमी करावा म्हटलं तर दोन्ही नॉब फिरवून ढिम्म फरक नाही. नेक आणि मिडलवर फरक पडतो पण तोही दहापासून तीनपर्यंत काहीच नाही आणि मग एकदम आवाज दबतो. पिकगार्ड (समोरची प्लास्टिकची प्लेट) उघडून बघितलं, तुटलेली वायर दिसत नाही. दुकानदार म्हणतो पॉट (नॉबखालचे पोटेन्शिओमीटर) गेलेत सगळे बदला. सोल्डरिंग येतं मला. खरंच बदलावे लागतील?

रात्रीचा_रियाज:
थांब, काही बदलू नकोस. १९५४ ला फेंडरने स्ट्रॅट काढली तेव्हापासून तिच्या मूळ वायरिंगमध्ये ब्रिजला टोन नाहीच, एक टोन नेकला आणि दुसरा मिडलला. खात्री करायची तर पिकअप निवडायचा सिलेक्टर स्विच ब्रिज + मिडलवर ठेव आणि मिडलचा टोन फिरव, आवाज दबला तर पॉट धडधाकट आहे.

उपाय एका तुकडा वायरचा आहे. स्विचला दोन बाजू असतात, एका बाजूला पिकअपच्या वायरी येतात आणि दुसरीकडून टोन पॉटला जातात. टोनच्या बाजूला ब्रिजची पिन रिकामी असते, ती शेजारच्या मिडल टोनच्या पिनला जोडून टाक, झालं, तोच नॉब आता दोघांना चालेल. फक्त तुझा स्विच डबीसारखा बंद आणि सगळ्या पिना एका ओळीत असलेला असेल तर इंटरनेटवरचं चित्र बघून सोल्डर मारू नकोस, त्यांची मांडणी वेगवेगळी असते, मल्टिमीटरच्या बीपवर कुठली पिन कुठे जाते ते आधी बघ.

ओहम_शांती:
वरचं बरोबर आहे, पण ते "तीनपर्यंत काहीच नाही" वालं दुखणं वेगळं आहे. पॉटवर काय छापलंय बघा, बी२५०के असेल तर तो लिनियर आहे, म्हणजे नॉब फिरेल तसा रेझिस्टन्स सारखाच बदलत जातो. टोनला ए२५०के म्हणजे ऑडिओ टेपर हवा. कारण असं की ट्रेबल कानाला कमी जाणवायला रेझिस्टन्स बराच खाली यावा लागतो, लिनियरमध्ये तिथे पोचेपर्यंत नॉब जवळजवळ संपतो, ऑडिओ टेपर मात्र मध्यावरच दहा-पंधरा टक्क्यांवर आलेला असतो त्यामुळे फरक सगळ्या फेरीत वाटला जातो. घेताना शाफ्ट आणि भोक मोजून घ्या, अमेरिकन मापाचे पॉट बऱ्याच स्वस्त गिटारींच्या पिकगार्डमध्ये भोक मोठं केल्याशिवाय बसत नाहीत. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड.

तारकरी:
बी२५०के च छापलंय!! आणि कॅपॅसिटरवर ४७३ आहे, तो पण बदलू का, एकजण म्हणाला महागडा ऑइलवाला टाक, आवाज उबदार होतो.

ओहम_शांती:
४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, सिंगल कॉइलला हीच नेहमीची व्हॅल्यू, हमबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) बहुतेक ०.०२२ आणि ५००के पॉट लावतात. नॉब दहावर असताना कॅपचा फरक जवळजवळ ऐकूच येत नाही, खाली आणल्यावर किती दबेल ते व्हॅल्यू ठरवते. शून्यावर अगदीच चिखल वाटत असेल तर ०.०२२ चा साधा पॉलिएस्टर लावून बघा, काही रुपयांत येतो. पिकअपचा सिग्नल व्होल्टभर सुद्धा क्वचित जातो, त्यामुळे ४०० व्होल्ट, ६०० व्होल्टच्या कॅपचे जास्त पैसे देण्यात माझ्या मते काही अर्थ नाही, तेच पैसे चांगल्या पॉटवर घाला.

रात्रीचा_रियाज:
+१. आणि पॉटच्या पाठीवर ग्राउंड सोल्डर करताना आधी पाठ पॉलिश पेपरने घास, ४० वॅटच्या वरचं आयर्न घे आणि पटकन उचल, कमी वॅटचं आयर्न धरून बसलास तर सोल्डर धरत नाही आणि आतला कार्बन ट्रॅक मात्र भाजतो. आधी जम्पर (तो वायरचा तुकडा) टाकून वाजवून बघ, पॉट नंतर.