आईबाप सोबत असताना पोराला अनाथ करायचं?

काठावरून: इंग्रज लेखक जे. जी. बॅलार्डची 'एम्पायर ऑफ द सन' (१९८४) ही कादंबरी पुन्हा वाचली. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीचा ताबा घेतला. त्या धांदलीत अकरा वर्षांच्या जिमची आईबापांशी चुकामूक होते, आणि पुढे लुंगहुआच्या नजरकैद छावणीत तो एकटाच वयात येतो. प्रत्यक्षात लहानपणी बॅलार्ड त्याच छावणीत आई, वडील आणि धाकट्या बहिणीबरोबर एका खोलीत राहत होता! कादंबरी आहे, हवे ते बदल करा. पण बराचसा भाग आपण डोळ्यांनी पाहिलेल्या घटनांवर बेतलाय, असंही सुरुवातीला सांगायचं? मला ही दोन्ही डगरींवरची कसरत वाटते.

निळी शाई: अजिबात पटलं नाही. जिमला अनाथ करणं भावनेच्या दृष्टीने जास्त खरं वाटलं, असं त्याने २००८ च्या आत्मचरित्रात स्वच्छ सांगितलंय. आईबाप खोलीत आहेत, पण जेवण जपानी देणार, शिक्षा जपानी करणार. तेरा-चौदाव्या वर्षी घरच्यांचा धाक आणि आधार एकदमच संपला, तर उरतं काय?

काठावरून: सगळंच संपलं नव्हतं ना! भातातले सोंडे निवडून ताटाच्या कडेला सारायचे नाहीत, अंगाला प्रथिनं मिळतात म्हणून खायचे, हे ठरवलं वडिलांनी. हेही त्याच आत्मचरित्रात आहे. कादंबरीत मात्र हा सल्ला छावणीतल्या डॉक्टर रॅन्समच्या खात्यावर. उपाशी पोराला जगवण्यासाठी बापाने जे केलं, तेही काढून घ्यायचं?

खवचट: नागासाकीच्या बॉम्बचा लखलखाट जिमला शांघायच्या स्टेडियममधून दिसतो. मधे आठेकशे किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईबद्दल कुणाची तक्रार नाही, आईबापांबद्दलच का?

काठावरून: कारण लखलखाटाला नातेवाईक नसतात.

निळी शाई: टाळ्या मिळतील, मुद्दा सुटला. छावणी जिमला आवडते, युद्ध संपायची त्याला भीती वाटते. आई शेजारच्या खाटेवर असती, तर हे लिहायला लेखणी धजावली असती का?

रस्त्यापलीकडे: तुमचं भांडण एका इंग्रज कुटुंबाच्या खोलीत अडकलंय. छावणीच्या फाटकाबाहेर उपाशी चिनी शेतकरी बसलेत, ते कादंबरीतही आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या पोराचं वयात येणं कुणी लिहायचं?

खवचट: त्याने स्वतः. बॅलार्डने लिहिलं असतं, तर तुम्हीच पहिला दगड मारला असता.